मलम हातासाठी होते

दिवसभर शाळेत खडू आणि घरी आल्यावर भांड्यांचा साबण. दोन वर्षांपूर्वी थंडीत माझे दोन्ही हात फाटले. बोटांच्या पेरांवर खाज, भेगा, कधी कधी रक्त. मुलांच्या वह्या तपासताना लाल पेनाची शाई कुठली आणि माझ्या बोटाचा डाग कुठला ते कळेना. मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्झिमा सांगितला आणि क्लोबेटासोल नावाचे मलम लिहून दिले. रोज रात्री एकदा, फक्त हातांना, 2 आठवडे.

आठ दिवसांत हात मऊ पडले. मी अल्हम्दुलिल्लाह म्हटले आणि उरलेली ट्यूब कपाटात ठेवून दिली. आपल्या घरात काही टाकून द्यायची पद्धत नाही. चूक तिथूनच सुरू झाली.

माझी मोठी लेक तेव्हा अकरावीत होती. नणंदेच्या मुलाचा निकाह तोंडावर आला होता आणि हिच्या गालावर मुरुमांचे काळे डाग होते. माझ्या हातावरचा काळसरपणा या मलमाने गेला होता. मीच तिला म्हणाले, "बेटा, रात्री थोडं लावून बघ."

तिने लावले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. लग्नघरी बायका विचारू लागल्या, काय लावतेस गं? एक खाला तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आता हिच्यासाठी रिश्ते येतील. मी हसले. आतून सुखावलेही. हजरत बिलाल यांचे नाव आपण आदराने घेतो, आणि मुलगी बघायला गेलो की पहिला प्रश्न रंगाचाच विचारतो. मी शिकलेली बाई, पण त्या दिवशी मी त्याच बायकांतली एक होते.

ट्यूब संपली तेव्हा लेकीने मेडिकलमधून दुसरी आणली, मग तिसरी. चिठ्ठी कुणी विचारली नाही. मला हे नंतर कळले.

काही महिन्यांनी तिने अचानक नकाब घ्यायला सुरुवात केली. मी तिला कधी जबरदस्ती केली नव्हती. मला वाटले, मुलीला समज आली. मी शुक्राना अदा केला. एका रात्री ती पंख्याखाली ओला रुमाल तोंडावर ठेवून रडत होती. रुमाल बाजूला केला तर गाल लालबुंद, बारीक पुरळ, कातडीखाली लाल शिरांचे जाळे आणि हनुवटीवर लव. "अम्मी, लावलं नाही की आग होते. लावलं की थांबते. आता लावूनही थांबत नाही." तिने तो पडदा अल्लाहसाठी घेतला नव्हता. माझी चूक लपवायला घेतला होता.

पुन्हा मिरजेला गेलो. मी सगळे खरे सांगितले. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, औषध वाईट नाही. हाताचं औषध तोंडाला लावलं, आणि दिवस मोजले नाहीत, हे वाईट झालं."

मग त्यांनी समजावून सांगितले. अशा मलमात स्टेरॉइड असते. ते सूज आणि खाज दाबते, आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून त्वचा काही दिवस गोरी दिसते. तो उजाळा नसतो. रोज लावत गेले की कातडी पातळ होते. तळहाताची कातडी जाड असते, औषध कमी शोषते. चेहरा, पापण्या, काख आणि जांघ इथली कातडी नाजूक असते, तिथे तेच औषध कितीतरी जास्त आत जाते. डोळ्यांच्या भोवती बरेच दिवस लावले तर डोळ्यांतला दाब वाढू शकतो. लहान बाळाला लंगोट किंवा डायपरच्या आत लावले तर झाकल्यामुळे ते आणखी शोषले जाते.

सगळी स्टेरॉइड सारखी नसतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, मोमेटासोन आणि बीटामेथासोन त्याहून जोरदार, आणि क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटातले. म्हणून शेजारणीला चालले ते आपल्याला चालेल असे नसते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गजकर्णासाठी लोक मेडिकलमधून तीन औषधे एकत्र असलेले मलम घेतात. त्यातल्या स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, पण बुरशीला मोकळे रान मिळते आणि चट्टा पसरत जातो. माझ्या वर्गात दोन भावांच्या मानेवर असेच चट्टे होते. मी त्यांच्या अम्मीला बोलावून घेतले. घरात एकच ट्यूब सगळे वापरत होते.

सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण कायदा दुकानात आहे, सवय आपल्या घरात. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. वर लिहिलेली नावे त्यात दिसली तर ती साधी क्रीम नव्हे, गोरेपणाची तर नव्हेच.

लेकीचा चेहरा निवळायला नऊ महिने लागले. डॉक्टरांनी मलम त्यांच्या देखरेखीखाली बंद केले. महिनोन् महिने लावलेले मलम स्वतःच्या मनाने एकदम सोडू नये, असे त्या म्हणाल्या. पहिले काही आठवडे जळजळ उलट वाढली. त्या दिवसांत ती कॉलेजला गेली नाही आणि मी आरसा झाकून ठेवला होता.

मी मात्र घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. हात पुन्हा फाटले तरी मलमाला शिवेना. डॉक्टर म्हणाल्या, "भीतीने औषध टाकणं ही दुसरी चूक." मग मी नीट शिकले. भांडी हातमोजे घालून घासते. वुजूनंतर बोटांच्या मधली जागाही कोरडी करते आणि साधे व्हॅसलीन लावते. दोष वुजूचा नव्हता, हात ओले ठेवायच्या माझ्या सवयीचा होता. मलम इशाच्या नमाजनंतर, म्हणजे रात्रभर राहते आणि फज्रला हात धुतले तरी चिंता नाही. आधी व्हॅसलीन लावले असेल तर अर्धा तास थांबते.

किती लावायचे याचे माप बोटावरच आहे. ट्यूबमधून मलमाची रेघ मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम होते. तेवढे दोन पंजांएवढ्या जागेला पुरते, म्हणजे एका हाताच्या दोन्ही बाजूंना. चोळायचे नाही, पातळ पसरायचे. वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बांधायचे नाही. मला 2 आठवडे रोज, मग एक आठवडा एक रात्र सोडून, मग बंद असे सांगितले होते. तुमचे दिवस तुमचे डॉक्टर ठरवतील, पण ते विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे मी वर्गात सांगत आले. अमानत दुसऱ्याच्या हाती देताना आपण नाव, रक्कम, मुदत लिहून ठेवतो. मलमाचे मात्र काहीच लिहिले नव्हते.

गेल्या थंडीत नवी ट्यूब आणली तेव्हा लेकीने माझ्या हातातून ती घेतली आणि खोक्यावर मार्करने लिहिले: अम्मी. फक्त हात. 14 रात्री. खाली सुरू केल्याची तारीख. मुदत संपली तेव्हा उरलेली ट्यूब तिनेच कपाटातून काढून नेली. मी अडवले नाही.