दुखणं एक, कारणं दोन

आमच्या पर्वत पाटियाच्या घरात गेल्या वर्षी दोघांचा पाय एकदमच दुखायला लागला, काकांचा आणि आजीचा. कमरेपासून पोटरीपर्यंत कळ. शेजारच्यांनी ‘नस चढली’ म्हणून दोघांना एकच तेल सांगितलं!

पण तऱ्हा उलटी होती. काका कापड मार्केटमध्ये पार्सलं उचलतात. वाकले, शिंकले की कळ पायात उतरायची. आजीचे पाय चालताना भरून यायचे आणि भाजीच्या लारीवर वाकून टेकली की बरं वाटायचं.

डॉक्टरांनी हेच आधी विचारलं. काकांची चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून सायटिक नसेच्या मुळावर दाबत होती. आजीच्या कण्यातली नसांची वाट वयाने अरुंद झालेली. वाकलं की ती जरा मोकळी होते. कधी मणकाच पुढे सरकतो, तेही एक कारण.

गादीचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

काका दोन महिन्यांनी कामावर गेले. आजीचं चालणं अजून या लारीपासून त्या लारीपर्यंतच.