आत्याबाईंची रविवारची गोळी

छापलेल्या अक्षरावर आमच्या पिढीचा जो विश्वास आहे तो आम्हांस वडिलांकडून वारशानें मिळाला. हातानें खरडलेलें असेल तर माणूस शंका घेतो. परंतु तेंच छापून आलें कीं शंका घेणें म्हणजे अडाणीपणा, अशी कांहींशी आमची समजूत होऊन बसली आहे. या समजुतीमुळें गेल्या चैत्रांत आमच्या घरीं केवढा अनर्थ ओढवला असता, तें येथें सांगण्याचा हेतु एवढाच कीं, ज्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत आणि औषधांचे कागद नित्य येतात, त्या घरच्या मंडळींनीं त्यापासून कांहीं बोध घ्यावा.

आमच्या आत्याबाई ७८ वर्षांच्या. त्या आमच्याकडेच असतात. आमवातानें बोटांचे सांधे धरल्यामुळें दोन वर्षांपासून त्यांना मेथोट्रेक्झेट नांवाची गोळी सुरू आहे. या गोळीचा विशेष असा कीं, आमवातासाठीं ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतें, रक्तांतील पेशी घटतात आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. आत्याबाईंनीं तिचें नांवच 'रविवारची गोळी' असें ठेविलें होतें. त्यांच्या डॉक्टरबाई पूर्वीं हातानें चिठ्ठी लिहीत, तेव्हां या गोळीपुढें 'फक्त रविवारीं' असें लिहून त्याखालीं दोन रेघा ओढीत.

यंदा त्या रुग्णालयांत संगणकावर चिठ्ठी करण्याची पद्धत सुरू झाली. कागद स्वच्छ, अक्षर सुवाच्य. पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. त्या कागदावर मेथोट्रेक्झेटपुढें १-०-० आणि त्याच्यापुढें २८ दिवस असें छापलेलें होतें. म्हणजे रोज सकाळीं एक. औषधें आमच्या पुतण्यानें मोबाईलवरून मागविलीं व तीं संध्याकाळीं घरपोंच आलीं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानें कदाचित् दोन प्रश्न विचारले असते. पाकीट आणून देणाऱ्या मुलानें बिचाऱ्यानें काय विचारावें?

रविवारची गोळी रविवारीं झाली. सोमवारीं सकाळीं आत्याबाई आम्हांस म्हणाल्या, "अरे, कालची गोळी आज पुन्हां कां?"

आम्हीं कागद पाहिला आणि मोठ्या शहाणपणानें उत्तर दिलें, "आत्या, आतां रोज आहे. डॉक्टरबाईंनीं वाढविलें असेल. हें पाहा, छापलेंच आहे कीं!"

त्यांनीं मुकाट्यानें गोळी घेतली. मंगळवारींही घेतली. बुधवारीं सकाळीं आमच्या सूनबाई औषधांचे कागद लावून ठेवीत होत्या. मागील महिन्याच्या कागदावर चार गोळ्या आणि या महिन्याच्या कागदावर अठ्ठावीस, हें त्यांच्या नजरेस आलें. त्यांनीं कोणास न विचारतां सरळ रुग्णालयाला फोन लावला. उत्तर आलें, "गोळी ताबडतोब बंद करा आणि त्यांना घेऊन या."

त्या दिवशीं रक्त तपासलें, कांहीं दिवसांनीं पुन्हां तपासलें. उताऱ्यासाठीं फोलिनिक अॅसिड दिलें. तोंडांत दोन फोड आले तेवढ्यावर निभावलें. आत्याबाईंनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. ज्या माणसानें दोन वर्षें ती गोळी नेमानें घेतली, त्याच्या अनुभवापेक्षां आम्हीं एका कागदास अधिक मानलें होतें.

डॉक्टरबाईंनीं मात्र कांहीं लपविलें नाहीं. त्यांनीं आम्हांस संगणकासमोर बसवून चूक कशी झाली तें दाखविलें. औषध निवडलें कीं 'किती वेळां' या रकान्यांत 'रोज' हा शब्द तें यंत्र आपण होऊनच भरतें. 'आठवड्यांतून एकदां' हा पर्याय यादीच्या अगदीं तळाशीं आहे. घाईंत तो रकाना तसाच राहिला आणि डॉक्टरबाईंनीं जुन्या सवयीप्रमाणें 'फक्त रविवारीं' हे शब्द शेऱ्याच्या जागेंत लिहिले. पडद्यावर ते ठळक दिसत होते. परंतु शेरा कागदावर छापला जातच नव्हता. शिवाय गोळ्यांची संख्या यंत्रच काढतें. त्यानें अठ्ठावीस दिवसांस अठ्ठावीस गोळ्या असा हिशेब केला. तोच कागद 'पुढील वेळेसाठीं' साठवून ठेविलेला होता, म्हणजे ही चूक महिन्यामागून महिना जशीच्या तशी छापून आली असती.

उपाय त्यांनीं आमच्यासमोरच केले. साठविलेली चिठ्ठी पुसून टाकली. 'आठवड्यांतून एकदां' हें मूळ रकान्यांतच भरलें. शेरा कागदावर उमटेल अशी व्यवस्था करविली. आणि छापलेला कागद रोग्याच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचण्याचा नेम केला. पुढें आम्हांस कळलें कीं, ही चूक इतकी जुनी व सर्वत्र आढळणारी आहे कीं, अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेनें २०१४ सालींच, या गोळीपुढें यंत्रानें आपण होऊन 'आठवड्यांतून एकदां' हेंच भरावें, अशी शिफारस केली होती.

यावरून संगणकास शिव्या द्याव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. बोस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स या रुग्णालयांत अशी पद्धत आल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनीं कमी झाल्याचें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु २००५ सालीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा पद्धतीमुळेंच संभवणाऱ्या बावीस प्रकारच्या चुका दाखवून दिल्या. जुन्या चुका जातात आणि त्यांच्या जागीं नव्या येतात, इतकेंच.

२०१३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांत एका सोळा वर्षांच्या मुलास एका नेहमींच्या औषधाची एक गोळी द्यावयाची होती. १६० मिलिग्रॅम हा आंकडा बरोबरच भरला गेला. परंतु तो 'दर किलो वजनास' या परिमाणाखालीं पडला. यंत्रानें मुलाच्या वजनानें गुणाकार करून साडेअडतीस गोळ्यांची मात्रा ठरविली. यंत्रानें इशारा दिला नव्हता असें नाहीं. पण दिवसभर क्षुल्लक कारणांसाठींही तसेच इशारे येत असल्यामुळें तो डॉक्टरांनीं दूर सारला, औषध तपासणाऱ्यांनींही सारला. परिचारिकेस आश्चर्य वाटलें, तरी यंत्रावर विश्वास ठेवून तिनें गोळ्या दिल्या. मुलगा झटके येऊन बेशुद्ध झाला, सुदैवानें वांचला. ही हकीकत वाचतांना आम्हांस आमचेंच वाक्य आठवलें: "छापलेंच आहे कीं!"

डॉक्टरबाईंनीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या विशेषेंकरून एकत्र कुटुंबांच्या उपयोगाच्या आहेत. पहिली ही कीं, आपल्याकडे घरांतील सर्वांची नोंद बहुधा एकाच मोबाईल क्रमांकावर असते. तो क्रमांक घातला कीं एकाच आडनांवाचीं पांच-सहा नांवें पुढें येतात आणि सासूबाईंचें औषध जाऊबाईंच्या नांवावर चढण्यास एक चुकीचें बोट पुरतें. दुसरी ही कीं, बंद केलेलें औषध यादींतून काढल्याशिवाय जात नाहीं. तेंच औषध दुसऱ्या कंपनीच्या नांवानें नव्यानें लिहिलें गेलें, तर रोगी एकाच औषधाच्या दोन गोळ्या घेत बसतो.

तेव्हांपासून आमच्या घरीं कांहीं नियम झाले आहेत. कागद हातीं येतांच प्रथम नांव व वय पाहावयाचें. मग प्रत्येक औषध कशासाठीं, किती व केव्हां, हें डॉक्टरांसमोरच वाचून दाखवावयाचें. घरीं आल्यावर मागील कागद शेजारीं ठेवून काय वाढलें, काय गेलें आणि गोळ्यांची संख्या कां बदलली, हें ताडून पाहावयाचें. बदलाचें कारण समजलें नाहीं तर विचारल्याखेरीज नवी मात्रा सुरू करावयाची नाहीं. हे कागद सूनबाईंच्या स्वाधीन आहेत आणि त्यांचा शब्द त्यांत अखेरचा.

आत्याबाई आतां बऱ्या आहेत. परवां नवीन कागद आला तेव्हां तो आम्हीं त्यांच्यापुढें ठेविला आणि म्हटलें, "आत्या, आधीं तुम्ही पाहा." त्यांनीं चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "रविवारच आहे. ठीक आहे." मग आम्हीं औषधें मागविलीं.