गाऊन का होते भाऊ?

मंडळी, आज नगरसेवक नाही, रस्त्यातले खड्डे नाही, गाडीचा थांबा नाही. आज गाण्यावर लिहितोय. पण विषय आपल्या सगळ्यांचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

नव्या वस्तीत माझ्या ओळखीचे एक रेल्वेतले गृहस्थ राहतात. त्यांची पोरगी बारावीला आहे, चर्चमध्ये गाते. आवाज उंच आणि स्वच्छ, माईक नसला तरी शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिला पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकायचं आहे. मागच्या महिन्यात बापाने मला विचारलं, "तुमी पेपरवाले, तुमाले सगळं मालूम राहते. पोरगी गाते मस्त, पण गाऊन का होते भाऊ?"

असा प्रश्न पडलेले बाप बडनेऱ्यात आणखीही असतील, म्हणून उत्तर इथेच देतो.

बायकांच्या सर्वांत उंच आवाजाला तिकडे सोप्रानो म्हणतात. आपल्या देशातून या आवाजाच्या जोरावर जगभर गेलेलं मोठं नाव म्हणजे पॅट्रिशिया रोझारिओ. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म 1960 चा, मुंबईतला. मुंबईहून त्या लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात गेल्या. जॉन टॅव्हनर नावाच्या इंग्रज संगीतकाराने त्यांचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून तीसहून जास्त रचना केल्या. 1992 साली त्याच्या 'मेरी ऑफ इजिप्त' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्यातली मुख्य भूमिका यांची. 2003 साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची सात तासांची रचना रात्रभर चालली, त्यातही सोप्रानो म्हणून याच. एकादशीचा जागर पाहिलेल्या आपल्या लोकांना रात्रभर गाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. 2001 साली ब्रिटनने त्यांना ओबीई हा सन्मान दिला.

रोझारिओंचं नाव झालं ते जास्त करून आजच्या संगीतकाराच्या रचनांमुळे. पण हायडनची 1767 सालची 'स्ताबात मातेर' ही रचना त्यांनी ट्रेव्हर पिनॉक यांच्या इंग्लिश कॉन्सर्ट या वाद्यवृंदासोबत रेकॉर्ड केली आहे. हा वाद्यवृंद जुनं संगीत त्या काळच्या वाद्यांवर वाजवतो.

तुम्ही म्हणाल, त्यात विशेष काय? असं बघा, तुकडोजी महाराजांचं भजन कीबोर्डवर, मोठ्या स्पीकरवरही म्हणता येतं. पण मोझरीला खंजिरीवर ऐकलेलं भजन वेगळंच लागतं. शब्द कानात शिरतात, आवाजाला ओरडावं लागत नाही. युरोपात गेल्या शतकात काही लोकांनी हाच विचार धरला. साधारण 1750 च्या आधीचं संगीत, म्हणजे मोंतेवेर्दी, पर्सेल, बाख, हँडेल, हे त्यांनी आतड्याच्या तारांच्या व्हायोलिनवर वाजवायला घेतलं. पट्टीही खाली आणली. आज सूर 440 कंपनांवर लावतात, ते साधारण 415 वर लावू लागले. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी एकवरून पांढरी एकवर आले.

वाद्यांचा आवाज हलका झाला, तसा हलक्या गळ्यालाही मान आला. इंग्लंडच्या एम्मा कर्कबी याच वाटेने पुढे आल्या. जन्म 1949 चा. शिकल्या ग्रीक-लॅटिन, तेही ऑक्सफर्डला. मग शाळेत शिक्षिका झाल्या. गाणं आधी हौसेचं होतं. त्यांचा आवाज सरळ, न थरथरणारा. ऑपेराच्या मोठ्या थिएटरला असा आवाज पुरत नाही असं मानायचे, जुन्या संगीताला मात्र तोच हवा होता. 2007 साली त्यांना 'डेम' हा किताब मिळाला.

आता पोटापाण्याचं बोलू. या कामात दर एक तारखेला पगार जमा होत नाही. आज या वृंदासोबत, उद्या त्या. एक कार्यक्रम इथे, एक रेकॉर्डिंग तिथे. इटालियन, लॅटिन, जर्मन शब्द शुद्ध म्हणता यावे लागतात, स्वरलिपी पेपरासारखी वाचता यावी लागते. गळा तयार व्हायला वर्षं जातात. आणि बहुतेकांच्या घरात नेमाने येणारा पैसा शिकवण्यातून येतो. रोझारिओही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवत आल्या आहेत. मी त्या बापाला हेच सांगितलं: गाऊन पोट भरते, पण गाणं आणि शिकवणं दोन्ही धरलं तर. पोरीने सोबत पदवी घ्यावी, कर्कबींनीही घेतलीच होती.

खरी अडचण पुढे आहे. शिकवणार कोण? रोझारिओंना ती दिसली होती. 2009 पासून त्या आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप, भारतात येऊन 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' या उपक्रमात इथल्या पोरापोरींना गायन शिकवू लागले. सगळ्यांनी लंडनला या, असं त्या म्हणत बसल्या नाहीत. या बाईंच्या कारकिर्दीतली ही गोष्ट मला ओबीईपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे काय आहे? बडनेऱ्याहून रात्री अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. पण गाण्याच्या शिकवणीला दर आठवड्याला मुंबई कोणाला परवडते? विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत पाश्चात्त्य गायनाची स्पर्धा असते. मी त्या बातम्या वर्षानुवर्षं करतोय. आपल्या भागातली पोरं मोबाईलवर ऐकून बसवतात आणि थेट स्टेजवर जातात. सूर चुकला तर थांबवणारं कोणी नसतं. पाश्चात्त्य सोडा, आपलं साधं यमन शिकवणारा माणूसही किती शाळांत आहे?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. सहावी ते आठवीत शंभरच्या वर पोरं असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. कलेत गाणंही येतं. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे तुम्हीच.

पुढच्या बैठकीला पोषण आहार आणि गळक्या छताचं बोलून झालं की एवढंच विचारा, आमच्या शाळेत कलेचा माणूस आहे का, आणि तो आठवड्यात किती तास येतो? मिळालेलं उत्तर शाळेच्या नावासह मला मेसेज करा. तुमचं नाव कुठे येणार नाही. पुरेशी उत्तरं आली की यादी करून बातमी लावतो.