शुक्रावरचं जोशी विवर

शुक्राच्या विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचं एक विवर आहे. त्याचं नाव जोशी, डॉ. आनंदीबाई जोशींवरून ठेवलेलं. शुक्रावरच्या वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावं द्यायची, असा खगोलशास्त्रज्ञांचा प्रघात आहे. हे वाचून आधी आनंद झाला, मग मन अस्वस्थ झालं. असली जागा द्यावी का कुणाला? ४६० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली जमीन, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट, वर गंधकाम्लाचे ढग. दुर्बिणीला ते ढग भेदता येत नाहीत. १९९० ते १९९२ दरम्यान मॅगेलन यानाने रडारने ती जमीन चाचपली, तेव्हा कुठे तिथली विवरं नीट उमगली. भोवती उडालेल्या खडबडीत दगडांचे पट्टे रडारच्या चित्रात उजळ दिसतात, जास्वंदीच्या पाकळ्यांसारखे.

पण याच हवेमुळे माझं मत बदललं. तिच्यातून लहान अशनी खाली पोचतच नाहीत. वाटेतच फुटतात, जळून जातात. आपल्या लोणारएवढी विवरं तिथे जवळजवळ सापडत नाहीत. जमिनीपर्यंत येतं ते मोठंच. आणि आलेल्याची खूण सहसा पुसली जात नाही, कारण पाऊस नाही, नदी नाही, गाळ नाही. बहुधा लाव्हाने झाकली तरच ती जाते.

आनंदीबाईंचं नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. त्या काळाच्या हवेत अशा कितीतरी मुली वाटेतच संपल्या. त्यांची नावंही उरली नाहीत. ही मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात वारली. कोल्हापूरच्या इस्पितळातला स्त्रियांचा विभाग तिची वाट पाहत होता. तिचं आयुष्य अपुरं राहिलं असं म्हणतात, ते मला पटत नाही. ती पोचली होती.

तिच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांच्याही नावाचं विवर शुक्रावर आहे, मेधावी या त्यांच्या आडनावाचं. तेही तीसेक किलोमीटरचं, पण दक्षिण गोलार्धात. मराठी शाळांच्या भिंतींवर शुक्राचा नकाशा लावावा आणि त्यावर ही दोन नावं ठळक छापावीत, असं मला फार वाटतं.