न दिसणारं आखायचं कसं?

रेडिओथेरपीतल्या फिजिसिस्टला शरीररचना हवी कशाला, असं मी बरीच वर्षं बिनदिक्कत म्हणायचो. आमचं काम किरणांच्या हिशेबाचं. स्कॅनवर अवयव डॉक्टर आखतात, आणि आता तर सॉफ्टवेअर पॅरोटिड (लाळेची ग्रंथी), मज्जारज्जू, डोळे काही मिनिटांत आखून देतं. डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये यावरून मी सहकाऱ्यांशी चढ्या आवाजात वाद घातलेत. (त्या गर्दीत आवाज तसाही चढवावाच लागतो.)

माझं मत फिरवलं ते गालाच्या कॅन्सरने. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्याकडची रांग काही हटलेली नाही. यातल्या बहुतेकांची गाठ आधी शस्त्रक्रियेत काढलेली असते. म्हणजे आम्ही जे आखतो, ते सगळं न दिसणारंच.

एका वरिष्ठ डॉक्टरबाईंनी मला शेजारी बसवून शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन उघडला. पेशंट उताणा, आपण त्याच्या पायांकडून बघतोय. म्हणून उजवा गाल पडद्यावर डावीकडे. जबड्याच्या हाडाबाहेर चावण्याचा एक स्नायू, आत दुसरा, मधल्या फटींत काळी चरबी. "दोन्हीकडची चरबी सारखी दिसते का, तेवढंच सांगा," म्हणाल्या. एका बाजूला ती पुसट होती. तिथून आजार स्नायूंमधून वर, कवटीच्या तळाकडे सरकू शकतो. सॉफ्टवेअरने तो स्नायू आखला असता, अगदी सुबक. पण आजाराची वाट त्या रेषेत नसते. ती पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असते: मानेतल्या किती नोडमध्ये (लसीका ग्रंथींमध्ये) कॅन्सरच्या पेशी सापडल्या, नोडचं कवच फुटलं का. फुटलं असेल तर डोस साधारण ६० ग्रेवरून ६६ वर जातो.

पॅरोटिडचा सरासरी डोस २६ ग्रेखाली आणायला मी सीटीव्हीची, म्हणजे किरण द्यायच्या भागाची, कड आत घ्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागायचो. त्यालाही कारण होतं. कल्याणहून रोज येणारा पेशंट सहा-साडेसहा आठवडे पाण्याची बाटली घट्ट धरून बाकावर बसलेला दिसतो. त्याचं कोरडं तोंड दिसतं, नोडातल्या चार पेशी दिसत नाहीत. मी दिसणाऱ्याच्या बाजूने भांडत होतो. आता ती कड तिथे का आहे ते आधी विचारतो, आणि कधीकधी पॅरोटिड सोडून देतो.

नव्या मुलांना मी मानेचे छेद हाताने कागदावर काढायला लावतो. सॉफ्टवेअर असताना ही हमाली कशाला, म्हणून ती कुरकुरतात. त्यांचं निम्मं म्हणणं मला आजही पटतं.