त्रिकोणी काच

आमच्या अँबॅसिडरला एसी नव्हता. त्रिकोणी काच होती. पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यातली ती इवलीशी काच तिरकी फिरवली, की वारा थेट तोंडावर! अण्णा गाडीत बसले की आधी हात लांबवून आईकडची काच फिरवीत, मग स्वतःची. एरवी उभ्या जन्मात त्यांनी आईला वारा घातल्याचं मला तरी स्मरत नाही. डिपर पायाने दाबायचा. समोरून ट्रक आला, की अण्णांच्या डाव्या पायाची क्लच आणि डिपर यांच्यात कोण धांदल!

अँबॅसिडर २०१४ साली बंद झाली. अण्णा त्याआधीच गेले. माझ्या नव्या गाडीत पेट्रोलच्या काट्याशेजारी चिमुकला बाण आहे, टाकीचं झाकण कुठल्या बाजूला ते सांगणारा. मी तो आईला कौतुकाने दाखवला. एसी चालू होता. ती खिडकीचा कोपरा चाचपत होती.