तात्यांची काठी

आमच्या वेळासच्या पुळणीवर कासवीण क्वचितच कुणाला दिसे. दिसायचा तो पहाटे तिचा माग, ट्रॅक्टरचं चाक ओढत नेल्यासारखा. पाण्यातून वर येणारा एक, परत जाणारा दुसरा. दोन्ही जुळतात तिथेच कुठेतरी घरटं. तात्या, म्हणजे वडिलांचे चुलते, तिथे काठी खुपसत. वाळू भुसभुशीत लागून काठी सरकन आत गेली की खाली अंडी. शंभर-सव्वाशे निघत. थोडी घरात, बाकीची विकायची. मीठमिरचीचे पैसे सुटत. १९७२ चा वन्यजीव कायदा आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला मात्र सगळेच हात लावून नमस्कार करत! त्या कासवाचं आणि ह्या कासवाचं नातं कुणी जोडलं नाही.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने काम सुरू केलं. अंडी वाचवायची, पण शोधून देणार कोण? ज्यांना चोरता येत होती तेच. तात्यांनी सरळ विचारलं, "अंडी विकून जे सुटतं ते कोण देणार?" गावात काहींना हा प्रश्न लोभी वाटला. मला तो रास्तच वाटतो.

मानधन ठरलं आणि तात्या पहाटे चारला निघू लागले. काठी तीच, हात हलका. शेवटची वाळू बोटांनीच काढायची. अंडं फिरवायचं नाही, जसं होतं तसंच टोपलीत. हॅचरीत दीडेक फूट खोल, मडक्यासारखा खड्डा, कासविणीने केला असता तसाच. कोल्ह्याकुत्र्यांसाठी भोवती जाळी. पन्नासेक दिवसांनी वाळू खचते, आणि वर झाकलेल्या टोपलीखाली काळी वळवळ सुरू होते.

आता कासव महोत्सवाला मुंबई-पुण्याची माणसं येतात, घराघरांत उतरतात. आमच्या घरी पाहुण्यांच्या जेवणाचे जे पैसे येतात तेवढे अंड्यांनी कधी दिले नाहीत. पण रात्री पुळणीवर कुणी मोबाईलची बॅटरी लावली की तात्या ओरडतात, "ओ साहेब, बत्ती मालवा! पिल्लं उजेडाकडं वळतात, समुद्राकडं नाय!"

तात्यांना आता वाकवत नाही. मुलगा, नातू दोघंही मुंबईला. यंदा ते शेजारची सातवीतली मुलगी बरोबर नेतात. माग तिला पटकन दिसतो. काठीचा अंदाज अजून येत नाही. खुपसताना ती डोळे मिटते.